तबकडीतला आवाज

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कितीतरी कुटुंबे नागपुरात येऊन जरीपटक्यात स्थिरावली. घरदार मागे राहिलेल्या माणसाला ओळखीचा आवाज किती मोलाचा, हे या वस्तीला सांगायला नको. भगत कंवरराम यांची १९३९ साली हत्या झाली. पण त्यांचा आवाज तबकडीवर उरला. हा आवाज तेथे राहतो कसा आणि नाहीसा होतो कसा, एवढेच आज आपण पाहू.

जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. ती लाखेची असे. लाख म्हणजे पळस, कुसुम या आपल्याच रानातल्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. त्यात दगडाची भुकटी मिसळून केलेली तबकडी कठीण खरी, पण हातून सुटली की काचेसारखी फुटे. एका बाजूस वेळ तीन-साडेतीन मिनिटांचा. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनाही राग तेवढ्यात आटोपावा लागे. ही अडचण होती, तशीच शिस्तही होती, असे आम्हांस वाटते.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची, ३३⅓ फेऱ्यांची तबकडी आणली. विनाइल गुळगुळीत, म्हणून खाच बारीक कोरता आली आणि खरखर घटली. एका बाजूस सुमारे २२ मिनिटे मावू लागली. म्हणजे ७३३ फेरे! ती खाच सरळ उलगडली तर साडेचारशे मीटरांहून लांब भरेल. खाचेच्या भिंती ध्वनिलहरींप्रमाणे वळलेल्या असतात. त्यांवरून जाताना सुई थरथरते, त्या थरथरीची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज होतो. मात्र कडेच्या मानाने आतल्या खाचेत सुईचा वेग निम्म्याहूनही कमी पडतो. लहरी तेथे दाटीने बसतात, म्हणून बाजू संपता संपता बारीक स्वर थोडे मळकट लागतात.

विनाइल सहसा फुटत नाही, पण आपल्या वैशाखाला ते भिते. पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याखाली ठेवलेली तबकडी वाकते. तेव्हा तबकड्या थंड जागी उभ्या ठेवाव्या आणि फक्त कडेने धराव्या. कर्ण्याच्या ग्रामोफोनची पोलादी सुई विनाइलवर कधीही ठेवू नये. ती खाच खरवडून काढते. उलट, लाखेच्या रुंद खाचेत विनाइलची बारीक सुई तळाशी घासत जाते. तिला रुंद टोकाचीच सुई हवी.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. तीही तबकडीवरच, आणि सोबत वाजवण्याची सुईसुद्धा दिलेली आहे. परक्या ताऱ्यांसाठी माणसाने एवढी काळजी घेतली. तर माळ्यावरची आजोबांची तबकडी भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी, योग्य सुई लावून आपण निदान एकदा तरी ऐकू या.