कॉलेजचे कागद दहावीतच जमवा

ईदचा माल आम्ही कापडवाले दोन-तीन महिने आधी भरतो. आयत्या वेळी निघणाऱ्याला उरलासुरला माल मिळतो, तोही चढ्या भावाने. मुलांच्या कॉलेजचेही तसेच आहे. पालक फीच्या काळजीत बारावीपर्यंत थांबतात आणि कागद राहून जातात.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत राबणारी आपली अनेक कुटुंबे मूळची दुसऱ्या जिल्ह्यांतली. ओबीसीचा जातीचा दाखला, १३ ऑक्टोबर १९६७ रोजी घराणे जिथे राहत होते, तिथून काढावा लागतो. त्यासाठी वाडवडिलांच्या शाळेची किंवा महसुली जुनी नोंद शोधावी लागते. नोंद उर्दूत असेल तर भाषांतर करून घ्यावे. पुढे जात पडताळणी. तिला वेळ लागतो. उत्पन्नाचा दाखला मात्र राहत्या तालुक्यात मिळतो. चाकणकरांची तहसील कचेरी राजगुरुनगरला आहे.

या कागदांचे मोल मोठे आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट एवढीच, की प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी नाही.

तेव्हा पालकांनो, दहावीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजोबांच्या शाळेत एक चक्कर मारा. एका जुन्या नोंदीवर मुलीचे इंजिनिअर होणे अवलंबून असू शकते.