चेहरा तोच हवा

सकाळी ७.४०. बुधवार पेठ यावेळी मोकळी असते. तुळशीबागेतली शटरं खाली आहेत. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ साली बांधायला घेतलेल्या राममंदिराच्या आवारात झाडू फिरतोय. मागच्या बोळात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर मुखवटे दुरुस्त करणारे काका कुलूप काढतात. जिन्याखालची खोली, दहा बाय आठ. भाडं महिना सहा हजार. दार उघडलं की स्पिरिटचा आणि ओल्या भिंतीचा वास एकदमच येतो. पिठोरी अमावस्या आठ दिवसांवर आहे. तिच्यानंतर गणपती, आणि मग गौरी. तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर गौरींचे मुखवटे जोडीजोडीने मांडलेत. प्रत्येक जोडीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर आडनाव आणि काम: ‘नाक’, ‘पापुद्रे’, ‘फक्त डोळे’.

सकाळी ८.००. दिवसाचं पहिलं काम रंगाचं नाही. काका पालथा हात एकेका मुखवट्याच्या पाठीला लावत जातात. गार लागला तर आत ओल आहे. तो बाजूला. बाजूला म्हणजे एका लाकडी खोक्यात. खोक्यात साठ वॉटचा पिवळा बल्ब लावलाय. हा बल्ब आता सहज मिळत नाही, तपकीर गल्लीत चार दुकानं पालथी घालावी लागतात. एलईडी तिथे ढिगाने आहेत, पण त्यांची ऊब मुखवट्याला पुरत नाही. “उन्हात ठेवला तर एका बाजूने वाळतो आणि तडकतो,” काका म्हणतात. “आणि श्रावणात ऊन आहे कुठे?”

सकाळी ८.४५. मदतनीस मुलगा येतो. कॉमर्सला आहे, कॉलेज दुपारचं. सीझनपुरतं मात्र कॉलेजला दांडी आहे. रोज ४५० रुपये आणि चहा. तो तोंडाला रुमाल बांधून खरवडायला बसतो. हत्यारं साधी: मऊ दातांचा जुना टूथब्रश, मेडिकलमधून आणलेलं सर्जिकल ब्लेड, दोनशेवीस आणि चारशे नंबरचा पॉलिश पेपर. पहिल्या जोडीच्या गालावर रंगाचे पापुद्रे उठलेत. मुखवटा पीओपीचा आहे, आणि पीओपी पाणी पितं. कोणीतरी मागे घरच्या घरी त्याच्यावर ऑइलपेंट मारलाय. आतली ओल बाहेर पडायला बघते, वरचा ऑइलपेंट तिला वाट देत नाही. मग रंगच उचलला जातो. मुलगा ब्लेड आडवं धरून सुटलेलं तेवढंच काढतो. घट्ट बसलेल्या रंगाला हात लावायचा नाही, ही इथली पहिली शिकवण.

सकाळी ९.३०. आता लांबी भरायची. काका एकेक मुखवटा उलटा करून बघतात. “मातीला माती, पीओपीला पीओपी.” शाडूच्या मुखवट्याच्या हनुवटीचा टवका उडालाय. त्यात चाळलेली शाडू, डिंकाच्या पाण्यात मळलेली. पाणी जेमतेम. शाडू भाजलेली नसते, पाणी जास्त झालं की शेजारची हनुवटीही विरघळते. पीओपीच्या नाकाच्या शेंड्याला पीओपीचाच थेंब. बाजारात मिळणारा कडक एपॉक्सीचा मसाला काका वापरत नाहीत. तो मऊ मुखवट्यापेक्षा टणक होतो. पुढच्या वेळी धक्का लागला की मसाला शाबूत राहतो आणि त्याच्या कडेने नवं नाक तुटतं.

लांबी वाळायला दोन तास. पावसाळ्यात तीन. तेवढ्यात कालच्या लांबीवर चारशेचा पेपर, मग अस्तराचा पातळ हात. अस्तर सुकलं की वर अंगाचा रंग. पिवळा, पांढरा, चिमूटभर लाल. प्रत्येक घरच्या गौरीचा पिवळा वेगळा. काका हनुवटीखाली, साडीआड जाणाऱ्या जागी एक ठिपका लावून बघतात. रंग ओला असताना वेगळा दिसतो, वाळल्यावर वेगळा. तीन ठिपक्यांनंतर जुळतो.

सकाळी १०.४५. बाजार उघडला. पहिलं गिऱ्हाईक आजी आहेत, सोबत नात. पिशवीतून स्टीलचा डबा निघतो. डब्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्र, त्यात ज्येष्ठा आणि कनिष्ठा. ज्येष्ठेच्या गालावर बातमीच्या चार ओळी उलट्या उमटल्यात. कपाळावर बुरशीचे काळे ठिपके.

“कुठे ठेवला होतात डबा?”

“माळ्यावर. दरवर्षी तिथेच असतो.”

“वर पत्रा आहे का?”

“आहे की. यंदा जरा गळला.”

काका मान हलवतात. पिशवीत घाम धरतो, डब्यात वारा नाही, आणि छापील शाई ओलसर रंगाला चिकटते. पुसून जाईल तेवढं पुसू, बाकीचं रंगवू. सहाशे रुपये. आजी पाचशे म्हणतात. काका सहाशेच म्हणतात. नात मोबाइलकडे बघत हसते.

“डोळे बदलू नका हो. सासूबाईंच्या वेळेपासून अशाच बघतायत.”

काका दोन्ही मुखवट्यांचे फोटो काढतात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. डाव्या डोळ्याची रेघ उजव्यापेक्षा गहूभर लांब आहे. ही कुणाची तरी जुनी चूक असणार. ती तशीच ठेवायची, असं ते चिठ्ठीवर लिहितात.

सकाळी ११.४५. काका पिशवी घेऊन रविवार पेठेत बोहरी आळीला निघतात. चालत दहा मिनिटं, गर्दीत पंधरा. पॉलिश पेपर चार, ८० रुपये. स्पिरिट अर्धा लिटर, १२०. कापूस आणि मांजरपाट, ६०. परतताना अप्पा बळवंत चौकातून ट्रिपल झिरोचा ब्रश, ९० रुपये. पूर्वी मुंगसाच्या केसांचे ब्रश असत. त्यांच्यावर बंदी आली, आता नायलॉनचे. काका दुकानातच ब्रश ओठांत धरून टोक बघतात. तीन ब्रश परत करतात, चौथा घेतात. शेवटी तपकीर गल्लीत बल्ब, ४० रुपये.

दुपारी १२.३०. एक बाई रुमालात गुंडाळलेली लाकडी बाहुली घेऊन थांबल्यात. सावंतवाडीची, माहेरच्या चैत्रगौरीच्या आराशीतली. वीतभर उंच, लाल साडी, हिरवी चोळी. साडीचा रंग दोन ठिकाणी उडालाय, चेहरा काजळीने मळलाय.

“नवी करून द्या.”

“नवी हवी तर सावंतवाडीहून नवी आणा,” काका म्हणतात. “हिच्यावर मी रंग चढवला तर ती माझी होईल. ज्याने केली त्याची राहणार नाही.”

बाई गप्प. मग काका समजावतात. पलीकडे शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी जमवलेल्या वस्तू १९७५ साली सरकारला दिल्या. तिथली जुनी लाकडी चित्रं बघा. कुणी त्यांना चकचकीत करत बसत नाही. उडालेला रंग उडालेलाच राहतो, राहिलेला जपतात. गौरीची गोष्ट वेगळी. ती पूजेत बसते, तिचं नाक तुटकं चालत नाही.

हे बोलता बोलता त्यांचा हात चालूच आहे. कोरड्या ब्रशने धूळ. मग कापसाचा बोळा, जेमतेम ओला, बाहुलीच्या तळाशी घासून बघायचा. बोळ्याला लाल लागलं नाही, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. चेहरा हळूहळू उजळतो. साडीच्या सुटलेल्या कडेखाली पातळ डिंक ब्रशच्या टोकाने सोडतात आणि वरून बोटाने दाबतात. वीस मिनिटांचं काम, शंभर रुपये.

दुपारी १.१०. शटर अर्ध्यावर. पोळी, भेंडीची भाजी, ताकाची बाटली. पुण्यातल्या दुकानदारांच्या दुपारच्या झोपेवर सगळा महाराष्ट्र विनोद करतो. काका झोपत नाहीत. एक ते चार गिऱ्हाईक येणार नाही, याची या शहरात खात्री असते. म्हणून आखणी या वेळेत.

आखणी म्हणजे डोळे आणि भुवया काढणं. गणपतीच्या कारखान्यातही आखणी करणाऱ्याचा मान आणि रोज सर्वांत वरचा. काका उमेदीची काही वर्षं पेणला होते. तिथे हात बसला.

दुपारी १.४०. मोबाइल बंद. फॅन बंद. मुलगा गप्प. काका पाटावर मांडी घालतात, डावं कोपर गुडघ्यावर टेकवतात, मुखवटा डाव्या तळहातावर. उजव्या हाताची करंगळी मुखवट्याच्या गालाला टेकलेली. हात हलला तर मुखवट्यासकट हलेल, रेघ चुकणार नाही. आधी पांढरा. मग बुबुळाचा तपकिरी, त्यात काळा. मग वरच्या पापणीची रेघ, एका श्वासात. ती मध्ये थांबवता येत नाही. थांबली तर तिथे गाठ दिसते. शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, नाहीतर गौर तिरळी दिसते.

एका जोडीला पाऊण तास. तीन जोड्या होतात. चौथी घ्यावी असं मुलगा सुचवतो. काका बोटं उघडझाप करून बघतात आणि नको म्हणतात. चष्म्याचा नंबर यंदा परत वाढलाय.

दुपारी ४.१०. चहा. एक कप बारा रुपये, दिवसातला तिसरा. बाहेर मंडळाच्या मांडवाचे वासे उतरतायत. इथला तुळशीबागेचा गणपती मानाचा चौथा. १९७५ साली मंडळाने डी. एस. खटावकर यांच्याकडून फायबरची मूर्ती घडवून घेतली. मग फायबर घरातही आलं, गौरीचे मुखवटे फायबरचे झाले. पडले तरी फुटत नाहीत, ओल धरत नाहीत. “मग धंदा बसला असेल?” मी विचारतो. काका फळीवरचा एक मुखवटा पुढे करतात. फायबरच आहे. गालाचा रंग नखाने सालीसारखा निघतोय. पृष्ठभाग इतका गुळगुळीत की रंगाला धरायला जागा नाही. आधी पेपर मारून खरबरीत करायला हवा होता. कारखान्यात तेवढा वेळ कोण देतो?

दुपारी ४.३०. मुलगा बुटाचं खोकं उघडतो. एका सोसायटीतल्या मुलांचे दिवाळीच्या किल्ल्यावरचे चौदा मावळे. कुणाचा भाला गेलाय, कुणाची पगडी फिकी पडलीय. तळाला एक सिंहासनावरचे महाराज. त्यांना काही झालेलं नाही, कारण ते एकटेच कापडात गुंडाळलेले होते. बाकीचे एकमेकांवर आपटत वर्षभर पडून होते. भाल्याला झाडूची काडी. नग पंचवीस रुपये. हे काम पूर्ण मुलाचं. पहिल्या पाच मावळ्यांच्या मिशा जाड झाल्यात. काका बघतात आणि म्हणतात, “चालतील. मावळे आहेत.”

संध्याकाळी ५.३०. सर आली. लाखेचा हात द्यायचा होता, तो राहिला. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून काका पातळ तकाकी देतात. हवा दमट असली की स्पिरिट उडताना ओल धरतं आणि लाख पांढरट पडते. चेहऱ्यावर धुकं आल्यासारखं दिसतं. म्हणून पाऊस थांबून हवा कोरडी होईपर्यंत बाटलीचं बूच उघडायचं नाही. तीन जोड्या उद्यावर गेल्या. फोन करून तिघांना सांगावं लागतं. त्यातला एक चिडतो.

संध्याकाळी ६.४५. परवाच्या तयार जोड्या न्यायला लोक येतात. एक पूर्ण रंगवलेली, ९०० रुपये. एक पापुद्र्यांची, ६००. एक नुसत्या डोळ्यांची, ३५०. मावळ्यांचे ३५० मुलांपैकी एकाचे वडील देऊन जातात. प्रत्येक गिऱ्हाईक मुखवटा हातात घेतं, लांब धरतं, बघतं. एक गृहस्थ बराच वेळ बघून म्हणतात, “काही केलंय असं वाटत नाही.” काका पैसे मोजून घेतात. या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

देताना काका प्रत्येकाला तेच सांगतात. गौरी उठल्या की लगेच गुंडाळू नका. टिकली, नथ, गोंद काढा. कुंकू कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसलंत तर लाल डाग कायमचा. एक दिवस सावलीत उघड्या ठेवा. मग जुनं धुतलेलं सुती कापड, धोतर असेल तर उत्तम. वर्तमानपत्र नको, प्लॅस्टिक नको. डांबराच्या गोळ्या रंगाजवळ नकोत. पुठ्ठ्याच्या खोक्याला चार भोकं, मुखवटा चेहरा वर करून, दोघींच्या मध्ये कापडाची घडी. खोकं माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको. फडताळाचा मधला कप्पा. दिवाळीत एकदा उघडून वारा द्या.

“असं सगळ्यांनी केलं तर तुमच्याकडे कोण येईल?”

“करत नाहीत,” काका म्हणतात.

रात्री ८.२०. हिशोब वहीत. जमा: ९००, ६००, ३५०, मावळ्यांचे ३५०, बाहुलीचे १००. एकूण २,३००. खर्च: मुलाचे ४५०, सामान ३९०, दोघांचा दिवसभराचा चहा ७२, खोलीचं एका दिवसाचं भाडं २००, वीज अंदाजे ५०. एकूण १,१६२. हाती राहिले १,१३८. असे दिवस वर्षात दोन महिने. दिवाळीला मावळ्यांचे पंधरा दिवस, चैत्रात थोडी खेळणी. भाडं मात्र बाराही महिने.

रात्री ८.४०. बल्बच्या खोक्यात दोन मुखवटे, उद्या सकाळी बघायचे. फळीवर अजून एकतीस जोड्या आहेत. नव्या जोड्या घेणं काका पिठोरीला बंद करतात, मग कितीही ओळखीचा माणूस असो. तुमच्या घरच्या गौरीचं नाक तुटलं असेल, तर त्याच्या आत आणा. आणताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका.