लाल पारा, मुका रेडिओ आणि फ्रिजचा ‘संपलेला’ गॅस

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत किंवा ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीत ‘लाल पारा’ असतो आणि त्याला कोट्यवधी रुपये मिळतात, असं सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर सर्रास फिरतात. काचेची एक इवलीशी कुपी दाखवतात. लसूण जवळ नेला की पारा लांब पळतो, सोनं नेलं की जवळ येतो, आरशात त्याचं प्रतिबिंबच पडत नाही, असं छातीठोकपणे सांगतात. या नादाला लागून एखादा धडधाकट मर्फी किंवा बुश रेडिओ खोलला गेला की तो पुन्हा जुळवून देणारे हात आता फारसे उरलेले नाहीत. म्हणून आधी हेच स्वच्छ सांगायला हवं: असा पदार्थ जगात नाही.

लाल पाऱ्याची ही कथा शीतयुद्ध संपण्याच्या सुमाराला पसरली. अणुबॉम्बसाठी लागणारा गुप्त सोव्हिएत पदार्थ म्हणून ठगांनी तो विकायला काढला. असं काही अस्तित्वातच नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही सांगितलं आहे. तरी अफवा मेली नाही, तिने फक्त घर बदललं. 2009 साली सौदी अरेबियात ‘सिंगर’च्या जुन्या शिलाई मशीनच्या सुईत लाल पारा असल्याची आवई उठली. मशीनच्या किमती भलत्याच भडकल्या. सुईजवळ मोबाइल नेल्यावर फोन कटला तर पारा आहे, अशी परीक्षाही लोक करू लागले. शेवटी पोलिसांना ही निव्वळ बतावणी असल्याचं सांगावं लागलं.

पाऱ्याचं लाल रंगाचं संयुग आहे, ते म्हणजे आपला हिंगूळ. पण तो रेडिओत नसतो आणि त्याला कुणी कोटी रुपये देत नाही. मग व्हॉल्व्हमध्ये चमकतं ते काय? व्हॉल्व्हच्या काचेला वरच्या टोकाला आतून आरशासारखा रुपेरी डाग असतो. तो बेरियम धातूचा थर. काचेतली हवा काढून घेतल्यावरही जो वायू चुकूनमाकून मागे राहतो, तो शोषून घेण्यासाठी कारखान्यातच तो थर चढवलेला असतो. डाग रुपेरी असेल तर आतली पोकळी शाबूत आहे. डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह गेला. फिलिप्सच्या काही जुन्या व्हॉल्व्हना बाहेरून लाल मुलामा असे, तोही पारा नव्हे. बाहेरच्या विद्युत लहरींपासून आडोसा म्हणून दिलेला धातूचा थर तो. तांदूळ ओढून घेणारं म्हणून अनमोल सांगितलेल्या ‘राइस पुलर’ भांड्याच्या नावाने होणारी फसवणूक महाराष्ट्राला नवी नाही. लाल पाऱ्याचीही रीत तीच: वस्तूला मोठं गिऱ्हाईक आहे म्हणायचं आणि आधी ‘तपासणी’चे पैसे मागायचे.

‘पूर्वीच्या वस्तू दणकट, आताच्या तकलादू’

यात तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. चाळीस वर्षं फिरणारा पंखा आपल्या डोळ्यांसमोर असतो. त्याच वर्षी घेतलेले आणि पाच-सात वर्षांत जळालेले पंखे भंगारात जाऊन कधीच वितळले. म्हणजे आपण तुलना करतो ती जुन्यांतल्या सर्वांत चांगल्या वस्तूंची आणि आजच्या सरसकट सगळ्यांची.

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रातला दिवा याचं नेहमीचं उदाहरण. तो 1901 पासून जळतो आहे. मात्र त्याचा उजेड आज जेमतेम 4 वॅटच्या दिव्याएवढा आहे. तार मंद तापते आणि दिवा क्वचितच विझवला जातो, म्हणून तो टिकला. त्याच्या उजेडात अभ्यास करता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, कंपन्या मुद्दाम आयुष्य कमी करतात हा संशय अगदीच निराधारही नाही: 1924 मध्ये जगातल्या बड्या दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा गट करून दिव्याचं आयुष्य 1000 तासांवर बांधून घेतलं होतं.

माझ्या मते जुन्या वस्तूंचा खरा गुण दणकटपणा नव्हे, तर उघडता येणं. चार स्क्रू काढले की आतला प्रत्येक भाग दिसतो आणि सुटा बदलता येतो. तो गुण आपण गमावला, त्याची खंत वाटायलाच हवी.

‘वापरला नाही, जपून ठेवलाय, म्हणजे चांगलाच असणार’

हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. माळ्यावरचा रेडिओ वीस वर्षांनी काढायचा, फडक्याने पुसायचा आणि थेट प्लग लावायचा. मग ‘फट्’ आवाज, करपलेला वास, आणि सगळं संपलं. विजेच्या वस्तू वापराने झिजतात तशा पडून राहूनही बिघडतात. कंडेन्सरमधला रासायनिक थर वीज मिळाली नाही की कमजोर होतो. जुन्या वायरचं रबर तडकतं. वंगण घट्ट होऊन मेणासारखं बसतं. ट्रान्झिस्टरमध्ये विसरलेले सेल फुटून पांढरी-हिरवी भुकटी पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकते. म्हणून महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढूनच ठेवा.

जाणता कारागीर असा सेट आधी ‘सिरीज’ दिव्यावर लावतो. म्हणजे रेडिओच्या वाटेत साधा तारेचा 60 किंवा 100 वॅटचा दिवा जोडतो. एलईडी इथे चालत नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि रेडिओ न जळता हे कळलं. हे काम घरी करू नये, कारण काही जुन्या ‘एसी-डीसी’ सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसे. आतला धातूचा सांगाडा सरळ मेन लाइनला जोडलेला. मागचं पुठ्ठ्याचं झाकण नसलेल्या अशा सेटला हात लावणं म्हणजे उघड्या तारेला हात लावणं.

सेट चालू झाला तरी ‘आता स्टेशनं कुठे लागतात?’ असं म्हणून लोक तो पुन्हा माळ्यावर टाकतात. व्हॉल्व्हच्या बहुतेक सेटवर एफएम नसतं, हे खरं. भारतात एफएमचं प्रक्षेपण सुरूच झालं 1977 मध्ये, मद्रासला. मीडियम वेव्हची काही केंद्रंही बंद झाली आहेत, पण सगळी नाहीत. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या भागातला लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि दिवसा न लागणारी दूरची केंद्रं रात्री लागतात. घरघर फार येत असेल तर दोष रेडिओला देऊ नका. घरातले स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करून पाहा. बरेचदा आवाज तिथेच स्वच्छ होतो.

‘मोटर गेली’

पंखा हळू फिरू लागला की हा निकाल ठरलेला. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते, मंद पडलेला असतो तो वरच्या वाटीतला कंडेन्सर. साधारण 2.5 मायक्रोफॅरॅडचा हा डबीएवढा भाग बदलला की पंखा पुन्हा वारा देतो. वाइंडिंग करायला नेण्याआधी एवढं विचाराच.

मिक्सरचंही तसंच. 1960 च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने ‘सुमीत’ मिक्सर आणला, तो आपल्याकडच्या वाटणाला टिकणारी मोटर हवी म्हणून. त्यातले कितीतरी अजून ओलं खोबरं वाटतात. असा मिक्सर अचानक थांबला तर तळाशी लाल बटण आहे का पाहा. जादा भार आला की ते बाहेर येतं. मोटर गार झाल्यावर दाबलं की काम सुरू. आत निळ्या ठिणग्या फार दिसत असतील तर कार्बन ब्रश झिजले आहेत. मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही, तेव्हा कपलर घासलेला असतो. दोन्ही भाग किरकोळ किमतीत मिळतात.

पंख्याच्या बाबतीत जुन्या-नव्याचा हिशेब मात्र करावा. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा 30 च्या आसपास. रोज 15 तास चालला तर महिन्याला 20 युनिटांचा फरक पडतो, तोही एका पंख्यामागे. भिंतीवरचा तो मोठा डबा-रेग्युलेटर अजून असेल तर त्याला हात लावून पाहा, गरम लागेल. पंखा हळू केल्यावर वाचायला हवी ती वीज तिथे उष्णता होऊन जाते. फक्त रेग्युलेटर बदलूनही फायदा होतो.

‘फ्रिजचा गॅस दोन-तीन वर्षांनी संपतोच’

संपत नाही. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. बर्फ सुरीने खरवडताना नळीला भोक पडणं हे गळतीचं नेहमीचं कारण.

जुन्या फ्रिजमध्ये आर-12 हा गॅस असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आर-12 च्या फ्रिजमध्ये नवा आर-134ए तसाच भरून चालत नाही, कारण त्याला कॉम्प्रेसरमध्ये वेगळं तेल लागतं. ‘कुठलाही गॅस चालतो’ म्हणणाऱ्याच्या हाती फ्रिज देऊ नका. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर गार हवा गळते आहे, रबर बदला. आणि एका रात्री घरातलं बाकी सगळं बंद ठेवून मीटरचं रीडिंग झोपताना आणि उठल्यावर घ्या. त्यावरून वर्षाचा हिशेब काढून तो आकडा नव्या फ्रिजच्या स्टार लेबलवरच्या वार्षिक युनिटांशी ताडून पाहा. ‘चालतोय तोवर फुकटच आहे’ हे म्हणणं त्यानंतर बहुधा टिकणार नाही. आठवणी जडलेली प्रत्येक वस्तू चालू ठेवलीच पाहिजे असं नाही, आणि फ्रिजच्या बाबतीत मी निरोप द्यावा याच मताचा आहे.

काचेच्या ढबऱ्या टीव्हीचं काय? सेट टॉप बॉक्सच्या तीन रंगांच्या पिना लावून तो आजही चालतो. पण प्लग काढला म्हणजे तो निर्धोक झाला, असं समजून मुलांना खोलायला देऊ नका. पिक्चर ट्यूबवरच्या काळ्या रबरी टोपीखाली वीसेक हजार व्होल्टचा दाब असतो आणि बंद केल्यावरही तो शिल्लक राहू शकतो. ट्यूबच्या काचेत शिसं असतं. पडद्यामागे तयार होणारे क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून ते घातलेलं. पाहणाऱ्याला त्याचा त्रास नाही, पण तांब्यासाठी काच फोडणाऱ्या माणसाला आणि ती जिथे टाकतात त्या जमिनीला आहे. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. असा टीव्ही किलोवर विकू नका, नोंदणीकृत संकलन केंद्राला द्या.

राहिल्या कॅसेटी. ‘कपाटात व्यवस्थित ठेवल्यात, आवाज कुठे जातोय?’ हा समज मला सगळ्यांत जास्त काळजीचा वाटतो. फितीवरचा चुंबकीय थर चिकटवणारा लेप वयाने सुटतो, आणि कोकणातल्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. टेप रेकॉर्डर रडक्या आवाजात वाजत असेल तर बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. तो बदलून मिळतो. आजीच्या ओव्या, बारशाचा गलका, वडिलांचं भाषण असं काही घरी असेल तर येत्या सुट्टीत पट्टा बदलून घ्या, इअरफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडा आणि आवाज उतरवून ठेवा. एक प्रत स्वतःकडे, एक भावंडांकडे.