घरगुती संगणक जालासाठी समाक्ष केबलची ओळख व पुनर्वापर

प्रस्तावना

१९९० च्या दशकात केबल दूरचित्रवाणी आणि पुढील दशकात डीटीएच सेवा घरोघरी पोहोचली. त्या काळात अनेक इमारतींच्या भिंतींतून समाक्ष, म्हणजेच कोअ‍ॅक्सियल, केबल टाकली गेली. आज तिचा बराच भाग विनावापर पडून आहे. दुसरीकडे, जाड भिंतींपलीकडे वाय-फायचे संकेत क्षीण होतात आणि नवी केबल टाकावयाची तर भिंती फोडाव्या लागतात. अशा वेळी जुनी केबल उपयोगी पडू शकते. मात्र प्रत्येक केबल योग्य असतेच असे नाही. ती कशी ओळखावी, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

केबलची ओळख

प्रथम बाह्य आवरणावरील छापील अक्षरे वाचावीत. आरजी-५९, आरजी-६ व आरजी-११ या ७५ ओहमच्या केबल होत. आरजी-५८ ही ५० ओहमची असून जुन्या १० मेगाबिट इथरनेट जालांत ती वापरली जात असे. अक्षरे पुसली गेली असल्यास जाडीवरून अंदाज बांधता येतो. आरजी-५८ सुमारे ५ मिमी, आरजी-५९ सुमारे ६, आरजी-६ सुमारे ७ आणि आरजी-११ सुमारे १० मिमी जाडीची असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ७५ ओहम हा आकडा मल्टिमीटरवर दिसत नाही. तो तारेचा रोध नसून केबलचा लाक्षणिक संरोध आहे. वाहकांच्या व्यासांचे गुणोत्तर व मधला विद्युतरोधक पदार्थ यांवरून तो ठरतो. ५० व ७५ ओहमच्या केबल एकमेकींस जोडल्यास सांध्यापाशी संकेताच्या व्होल्टतेचा एक-पंचमांश भाग परावर्तित होतो. मल्टिमीटरचा उपयोग केबल अखंड आहे किंवा नाही आणि तिचे दुसरे टोक कोणत्या खोलीत निघते, हे तपासण्यापुरताच आहे.

पुनर्वापर

२००४ साली स्थापन झालेल्या उद्योगसंघाने विकसित केलेल्या ‘मोका’ या मानकानुसार ७५ ओहमच्या केबलवरून संगणक जाल चालविता येते. केबलच्या दोन्ही टोकांस एकेक अ‍ॅडाप्टर जोडावा व त्यांपैकी एक राउटरशी संलग्न करावा. मोका २.५ या आवृत्तीची कमाल क्षमता सेकंदास २.५ गिगाबिट आहे. तथापि पुढील तीन बाबींची दक्षता घ्यावी.

१. अनेक जुने स्प्लिटर सुमारे १००० मेगाहर्ट्झपर्यंतच्या संकेतांसाठी बनविलेले असतात. मोकाचे संकेत १६७५ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. म्हणून असे स्प्लिटर बदलावेत.

२. चालू डीटीएच केबल वापरू नये. तिचे संकेत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असल्याने दोन्हींची सरमिसळ होते. शिवाय सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून छतावरील अँटेनास १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा करतो.

३. इमारतीच्या सामाईक केबलपासून घरातील केबल पूर्णतः विलग करावी. अन्यथा आपले संकेत शेजारच्या घरापर्यंत पोहोचू शकतात.

निष्कर्ष

केबलचा प्रकार, तिची अखंडता व तिचे इतर जोड या तीन गोष्टींची खातरजमा झाल्यास भिंत न फोडता घरात तारयुक्त जाल उभारता येते. आरजी-५८ आढळल्यास मात्र ती या कामी वापरण्याचा मोह टाळणेच श्रेयस्कर ठरते.