आधी घरचे दार

‘मी थेट रिझर्व्ह बँकेकडे जाईन!’ हे वाक्य बँकेच्या नोकरीत मी असंख्य वेळा ऐकले. पण वरच्या कचेरीतला पहिला प्रश्न ठरलेला असे: आधी शाखेकडे लेखी तक्रार केलीत का? १९९५ मध्ये बँकिंग लोकपाल आले, त्यांच्याकडेही हाच नियम होता.

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयही हेच विचारते. आपल्या सरकारविरुद्ध तेथे दाद मागण्याआधी स्वदेशातले उपाय संपवलेले असावेत, असे करारनाम्याचे ३५ वे कलम सांगते. शेवटच्या निकालानंतर पूर्वी सहा महिन्यांची मुदत मिळे. फेब्रुवारी २०२२ पासून ती चार महिन्यांवर आली. नियम शहाणपणाचाच आहे. घरातली चूक आधी घरच्यांनी दुरुस्त करावी.

पण घरच्यांनीच घर जाळले असेल तर?

आग्नेय तुर्कस्तानात केलेकची नावाचे खेडे आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुरक्षा दलांनी आपली घरे जाळली, अशी तिथल्या गावकऱ्यांची तक्रार होती. ते थेट स्ट्रासबर्गला गेले. आमची न्यायालये असताना हे तिकडे का गेले, असा सरकारचा आक्षेप. १६ सप्टेंबर १९९६ रोजी निकाल लागला. नियम डोळे मिटून लावायचा नसतो, उपाय केवळ कागदावर असून भागत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. जाळपोळीची धड चौकशी झाली नव्हती आणि बेघर माणसे असहाय होती. वर अर्ज केल्याबद्दल त्यांच्याकडेच विचारपूस झाली होती. कौल गावकऱ्यांच्या बाजूने गेला.

पुढे २००४ मध्ये तुर्कस्तानने नुकसानभरपाईचा कायदा केला. जानेवारी २००६ मध्ये दुसऱ्या एका विस्थापित गावकऱ्याला त्याच न्यायालयाने सांगितले, आता आधी तिकडे दाद मागा.

मला या दोन निकालांत विसंगती दिसत नाही. ‘आधी घरी विचारा’ ही अट तक्रारदाराइतकीच घरावरही आहे. विचारणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे.

आपल्याला स्ट्रासबर्गचा रस्ता नाही. आशिया खंडात असे न्यायालयच नाही. आपली शेवटची पायरी सर्वोच्च न्यायालयाची. म्हणून पोलीस ठाण्यापासून जिल्हा कचेरीपर्यंतची प्रत्येक खिडकी खरोखर उघडी असणे आपल्याला जास्तच निकडीचे आहे. तिथे तक्रारीची साधी पोचही मिळाली नाही, तर सामान्य माणसाने पुढची पायरी चढायची तरी कशाच्या आधारावर?