दादर एक, स्टेशनं दोन

डिसेंबर २०२३मध्ये दादर स्टेशनातल्या पाट्या बदलल्या. पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ होते तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ नंबर मिळाले. तोवर दादरला एक नंबरचे फलाट दोन होते. बॅगा सावरत ‘पाच नंबर कुठे?’ विचारणाऱ्या पाहुण्याला पुलावर उलटाच प्रश्न ऐकावा लागे: सेंट्रल की वेस्टर्न? पाट्या रंगवून मिटणारा हा घोळ इतकी वर्षं टिकला, कारण दादर हे एकच स्टेशन आहे असं प्रवाशांखेरीज कुणी मानलंच नव्हतं. इथे लाखो माणसं उतरतात ती बरीचशी दुसरी गाडी पकडायला. दादरची सर्वांत मोठी सेवा हीच, आणि नेमकी तीच कुठल्याही एका रेल्वेच्या वहीत धड बसत नाही.

याची मुळं जुनी आहेत. १८५३मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेला जीआयपी या रेल्वे कंपनीचा लोहमार्ग दादरवरून जात होता, पण कंपनीचा डोळा घाट ओलांडून दख्खनच्या कापसावर होता. बीबीसीआय ही दुसरी कंपनी गुजरातेतून खाली उतरली. १८६७मध्ये तिने विरारहून मुंबईसाठी रोजची एक गाडी सुरू केली. दोन कंपन्यांचे मार्ग इथे शेजारी आले ते बेटाच्या चिंचोळेपणामुळे. माणसांनी एकीतून उतरून दुसरीत बसावं, असा बेत त्यामागे दिसत नाही. १८९६च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला आखीव वस्ती उभी केली आणि पुढे विजेच्या गाड्या आल्या, जीआयपीवर १९२५मध्ये, बीबीसीआयवर १९२८मध्ये. दादर शहराचा सांधा झालं ते असं, कुणी न ठरवता. १९५१च्या ५ नोव्हेंबरला मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे एकाच दिवशी अस्तित्वात आल्या. कंपन्या गेल्या, दादरच्या मधोमध आखलेली हद्द तेवढी राहिली. तिकीट मात्र एकच चालतं: डोंबिवलीहून अंधेरीला जाणारा एकाच पासावर हद्द ओलांडतो. पैशांचा मेळ रेल्वेने घातला, पायांचा घातला नाही.

नंबर बदलणं ही वरवरची मलमपट्टी, गाड्या वाढवा म्हणजे प्रश्न सुटेल, असं यावर हमखास म्हटलं जातं. गाड्या वाढायला हव्यातच. पण फास्ट लोकल रिकामी होते तेव्हा काय घडतं ते जिन्यावर पाहावं. चढणारा लोंढा अर्ध्यावर येतो तोच वरून उतरणारे घाईने खाली येतात, कारण त्यांना खालची गाडी दिसलेली असते. फुलबाजारातून मोठा बोचका डोक्यावर घेतलेला एखादा माणूस मध्ये आला की अख्खा जिना थबकतो. आणखी एक गाडी आली म्हणजे त्याच जिन्यावर आणखी एक लोंढा. २९ सप्टेंबर २०१७ला, दादरहून हाकेच्या अंतरावर, एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि परळ यांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. कुठली गाडी घसरली नव्हती, कुठे सिग्नल चुकला नव्हता. तिथेही एका बाजूला पश्चिम, दुसऱ्या बाजूला मध्य. त्यानंतर नवा पूल लष्कराला बांधायला सांगितला गेला आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी २०१८मध्ये, तो खुला झाला. म्हणजे अडचण लोखंडाची नव्हती. दादरलाही २०२३मध्ये मध्य रेल्वेने जुना दोन नंबरचा फलाट बंद करून एक नंबरचा रुंद केला. तिथून सुटणाऱ्या दादर लोकल परळला हलवाव्या लागल्या. गाड्यांची जागा देऊन माणसांसाठी जागा घेतली, हा सौदा मला तरी शहाणपणाचा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दादर रुंद करण्यापेक्षा दादर टाळता येईल असे मार्ग काढा. २०१४पासून घाटकोपर-अंधेरी मेट्रोने हे करून दाखवलं. पूर्वी त्या प्रवासासाठी दादरपर्यंत खाली येऊन परत वर जाणारे कितीतरी जण आता वरच्या वर जातात. पण कसारा-कर्जतकडून प्रभादेवी, माहीम, लोअर परळला जाणाऱ्याला दादर किंवा परळचा पूल चुकत नाही, आणि त्या पट्ट्यात गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांनी अशी माणसं वाढवलीच आहेत. वाटा वेगळ्या झाल्या तरी सांध्याचं काम उरतंच. त्यासाठी दोन रेल्वे एक करायची गरज नाही. गाड्या ज्याच्या त्याने चालवाव्यात. पूल, जिने, इंडिकेटर आणि गर्दीच्या वेळची माणसं एवढं तरी एका अधिकाऱ्याच्या हाती असावं, आणि त्याला जाब विचारताना गाड्या किती सुटल्या हे न विचारता सकाळी नऊ वाजता दहा नंबरवरून तीन नंबरवर पोचायला किती मिनिटं लागली, हे विचारावं. मे २०२५पासून पश्चिमेला भुयारी मेट्रोचंही दादर सुरू झालं आहे. ते तिसऱ्याच संस्थेचं. लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्याशी पोचेपर्यंतचा रस्ता, फेरीवाले, टॅक्सी आणि पावसाळ्यातलं पाणी पुन्हा महापालिकेकडे, म्हणजे मालक चार झाले.