हवेच्या गनला झेपणारी गोटी

इम्पॅक्ट गोटी म्हणजे हवेच्या किंवा बॅटरीच्या इम्पॅक्ट गनला लावायची, जाड भिंतीची आणि बहुधा काळ्या रंगाची गोटी. गॅरेजमधली चकचकीत गोटी आणि ही काळी गोटी यांचे काम वरवर एकच दिसते: नट किंवा बोल्टचे डोके पकडायचे आणि फिरवायचे. फरक आहे तो जोर कसा येतो त्यात. रॅचेट किंवा टॉमीने हाताने लावलेला जोर हळूहळू चढतो आणि पोलादाला तो सोसायला अवधी मिळतो. गनचा जोर ठोक्यांनी येतो. गनच्या आत फिरणारा हातोडा चौकोनी टोकाच्या दांड्यावर आडवा आदळतो, निसटतो, पुन्हा आदळतो. अर्धा इंची गनमध्ये हे मिनिटाला हजाराहून अधिक वेळा घडते. जाम झालेला नट सुटतो तो या ठोक्यांमुळे. गंजलेले आटे सलग ओढीला दाद देत नाहीत, पण लागोपाठच्या हादऱ्यांनी गंजाचा थर तुटतो. तेच हादरे नटापर्यंत पोहोचण्याआधी गोटीतून जातात आणि गोटीची खरी परीक्षा तिथे होते. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल गावच्या रॉबर्ट पॉट यांना या गनच्या शोधाचे श्रेय दिले जाते.

टिकाऊ गोटी म्हणजे कडक गोटी, अशी समजूत बाजारात सर्रास आढळते. हातपान्याच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. साधी गोटी, म्हणजे हाताने फिरवायची हातगोटी, क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची असते. तिला कडक पाणी दिलेले असते, भिंत पातळ ठेवलेली असते आणि वर क्रोमचा मुलामा असतो. पातळ भिंतीमुळे ती अडचणीच्या जागी शिरते आणि कडकपणामुळे लवकर झिजत नाही. पण पोलाद जितके कडक करावे तितके ते ठिसूळही होत जाते. वाळलेली तुराटी झटक्यासरशी मोडते आणि ओली नुसती वाकते, तसाच हा प्रकार आहे. इम्पॅक्ट गोटीला कडकपणापेक्षा चिवटपणा जास्त लागतो. म्हणून ती बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची करतात आणि कडकपणा थोडा उतरवतात. या जातीचे एक प्रसिद्ध पोलाद ४१४० या क्रमांकाने ओळखले जाते. त्यात कार्बन ०.३८ ते ०.४३ टक्के, क्रोमियम ०.८ ते १.१ टक्के आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के असते. आपल्याकडच्या लेथवाल्यांना त्याचे जवळचे भावंड ईएन १९ या नावाने चांगले ठाऊक आहे. पाव टक्क्याहून जास्त नसलेल्या मॉलिब्डेनममुळे पाणी जाड भिंतीच्या आतपर्यंत सारखे चढते, आणि नंतर पुन्हा तापवून पोलादाचा ताठरपणा उतरवताना ते ठिसूळ होण्याचा धोका कमी होतो.

हातगोटी गनला लावली तर ती पहिल्या दिवशी फुटेलच असे नाही. धोका इथेच आहे, कारण दोन-चार नट निघाले की कारागिराचा भरवसा बसतो. दरम्यान चौकोनी भोकाच्या कोपऱ्यात डोळ्यांना न दिसणारी तड पडते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर वाढते. मग एखाद्या जाम नटावर गोटी उभी चिरते आणि तिचे तुकडे उडतात. क्रोमचा मुलामाही पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. चाकासमोर उकिडवे बसलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा नटापासून हातभर अंतरावर असतो. काळी गोटी विकत घेण्याचे पहिले कारण डोळे हेच आहे, बचत त्यानंतर. ती घेतली तरी डोळ्यांवर चष्मा हवाच.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावात गॅरेज चालवणाऱ्याला गोटीची ही पारख अधिक लागते. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या या पट्ट्यात दारात येणारे वाहन एका जातीचे नसते. सकाळी मोटारसायकल, दुपारी ट्रॅक्टर, संध्याकाळी मालाचे पिकअप. त्यात काळी माती चिकट. पावसाळ्यात ती ट्रॅक्टरच्या चाकांच्या बोल्टांवर आणि रोटाव्हेटरच्या पात्यांच्या नटांवर थापली जाते, ओल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात विटेसारखी वाळते. असा नट उघडताना आधी तारेच्या ब्रशने माती आणि गंज काढावा, तेल सोडून थोडे थांबावे, मगच गोटी बसवावी. मातीचा थर राहिला तर गोटी नटावर पूर्ण उतरत नाही, वरच्या दोन-तीन मिलिमीटरवरच तिची पकड राहते आणि पहिल्याच दणक्याला नटाचे कोपरे गोल होतात. अनेकदा दोष गोटीला दिला जातो, पण तिला धरायला पुरेसे लोखंडच मिळालेले नसते. तालुक्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी पूर्ण रस्ता खुला झाला. त्यावरून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या जड वाहनांचे चाक खोलायचे तर मोठी गन आणि मोठी गोटी लागते.

निवड सुरू होते ती चौकोनापासून, म्हणजे गन ज्या भोकात बसते त्याच्या मापापासून. मोटारगाड्यांच्या कामात तीन अष्टमांश, अर्धा, पाऊण आणि एक इंच ही मापे चालतात. चौकोनाची बाजू थोडी वाढली तरी ताकद पुष्कळ वाढते, कारण पीळ सोसण्याची क्षमता बाजूच्या घनाच्या प्रमाणात चढते. अर्ध्या इंचावरून पाऊण इंचावर गेले की ती सुमारे ३.४ पट होते आणि एक इंचावर गेले की ८ पट. मोटारगाडीच्या चाकांना आणि सस्पेन्शनला अर्धा इंच पुरतो. ट्रॅक्टरची मागची चाके आणि मध्यम मालवाहू गाड्या यांना पाऊण, तर मोठ्या ट्रकला एक इंच हवा. अर्धा इंची गनवर माप कमी-जास्त करणारा ॲडॅप्टर चढवून ट्रकचा नट काढण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. असा जोड म्हणजे साखळीतली सर्वांत कमजोर कडी असते आणि बहुधा तोच आधी मोडतो.

नंतर आतला आकार. सहा कोनांची गोटी नटाच्या सहाही बाजूंना भिडते. बारा कोनांची बसवायला सोपी, पण तिची पकड कोपऱ्यांजवळच्या अरुंद पट्टीवर येते आणि ठोक्यांखाली ते कोपरे झिजतात. गनसाठी सहा कोनांचीच घ्यावी, खास बारा कोनी बोल्ट असेल तेवढा अपवाद. चांगल्या गोटीत आतले कोपरे किंचित खोल आणि गोलसर कापलेले असतात. त्यामुळे जोर नटाच्या टोकावर न येता सपाट बाजूवर येतो. नट वाचतो आणि गोटीच्या कोपऱ्यात तड जाण्याची शक्यताही घटते.

मापाची तडजोड मात्र कधीच करू नये. मिलिमीटर आणि इंच यांची मापे काही ठिकाणी जुळतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ ची गोटी चालून जाते. पण तेरा षोडशांश इंच म्हणजे २०.६४ मिलिमीटर. त्यावर २१ ची गोटी बसते खरी, मात्र एक तृतीयांश मिलिमीटरहून जास्त खेळते. हाताने हळू फिरवताना हा खेळ जाणवत नाही. गनवर तोच खेळ प्रत्येक ठोक्याला नटाचा कोपरा कुटत राहतो. जीपच्या घराण्यातील गाड्या आणि जुने ट्रॅक्टर यांत इंची बोल्ट आजही भेटतात. असे काम नेहमी येत असेल तर नेमक्या दोन-तीन इंची गोट्या वेगळ्या घेणे शहाणपणाचे.

लांबी आणि भिंत यांत कामानुसार निवड करावी लागते. आखूड गोटी ठोका सर्वांत चांगला पोहोचवते. जिथे स्टड नटाच्या बाहेर आलेला असतो तिथे खोल गोटी लागतेच. एक्स्टेन्शन जोडले की प्रत्येक सांध्यात थोडा जोर विरतो, म्हणून आखूड गोटी अधिक लांब दांडा यापेक्षा एकसंध खोल गोटी बरी. अलॉय चाकांचे नट अरुंद खळग्यात बसलेले असतात. तिथे जाड भिंत शिरत नाही. अशा कामासाठी पातळ भिंतीच्या, बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या इम्पॅक्ट गोट्या मिळतात. त्या चाकावर ओरखडे पाडत नाहीत, पण पातळ असल्यामुळे गंजलेल्या, हट्टी नटांसाठी वापरू नयेत.

इम्पॅक्ट गोटीच्या चौकोनाजवळ बाहेरून एक गोल खाच आणि आरपार भोक असते. त्यातून पिन घालून वर रबरी रिंग चढवली की गोटी गनवरून निसटत नाही. अर्धा इंची गनला टोकावरची स्प्रिंग-रिंग बऱ्याचदा पुरते. पाऊण आणि एक इंचाला पिन व रबर लावल्याशिवाय काम करूच नये, कारण ती जड गोटी फिरता फिरता सुटली तर दगडासारखी लागते. पिनेऐवजी खिळा किंवा तार घालण्याची सवय वाईट. खिळ्याचे बाहेर राहिलेले टोक हातमोजा किंवा बाही पकडते.

दुकानात गोटी हातात घेतली की पाच मिनिटांत बरेच कळते. आधी ती समोरून पाहावी: चौकोन मध्यावर आहे का आणि भिंत सगळीकडे सारख्या जाडीची आहे का. एका बाजूला भिंत पातळ असेल तर गनवर गोटी डोलते आणि त्याच बाजूने फुटते. मग चौकोनाच्या आत बोट फिरवावे. कडा स्वच्छ आणि सरळ हव्यात, खडबडीत कंगोरे नकोत. शक्य असेल तर सोबत नवा नट नेऊन तो गोटीत बसवावा आणि हलवून बघावा. काळ्या रंगाने फसू नये. फॉस्फेटचा किंवा काळ्या ऑक्साइडचा थर पोलादावरच तयार झालेला असतो, तेलकट आणि मंद दिसतो, नखाने निघत नाही. साध्या गोटीला काळा रंग फासला असेल तर किल्लीच्या टोकाने आतल्या कडेला ओरखडले की पापुद्रा निघतो. गोटीवर कंपनीचे नाव, माप आणि पोलादाची जात कोरलेली असावी. आयएसओ २७२५-२ किंवा डीआयएन ३१२९ या मानकाचा उल्लेख असेल तर उत्तम. ही दोन्ही मानके यंत्राने फिरवायच्या गोट्यांचीच आहेत.

हातहत्यारांत भारताचे नाव जुने आहे. पंजाबातील जालंधर आणि लुधियाना ही त्याची मोठी केंद्रे, आणि महाराष्ट्रात नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील टपारिया हे सर्वपरिचित नाव. नाव माहीत असलेल्या कंपनीची गोटी घेण्यात मुख्य फायदा हा की एक गोटी फुटली तर तेवढीच सुटी मिळते. चाळीस नगांचा स्वस्त डबा दिसायला भरगच्च असतो, पण त्यातील निम्म्या गोट्या वर्षभर हलत नाहीत आणि रोजच्या चार-पाच आधी बाद होतात. त्याच पैशात रोजची मापे चांगल्या प्रतीची घ्यावीत आणि बाकीची गरजेप्रमाणे जोडावीत. मोटारगाड्यांसाठी अर्धा इंची चौकोनात १०, १२, १३, १४, १७, १९, २१, २२ आणि २४ ही मापे बहुतेक काम निभावतात. मारुतीच्या बहुतेक गाड्यांचे चाकाचे नट १९ चे, ह्युंदाईचे २१ चे, म्हणून ही दोन मापे खोल गोटीतही ठेवावीत. पुढच्या एक्सलच्या नटासाठी ३० आणि ३२ लागतात. मोठ्या ट्रकच्या चाकांसाठी ३२ किंवा ३३ ची एक इंची गोटी.

चांगली गोटीही चुकीच्या वापराने लवकर संपते. बहुतेक हवेच्या गन ९० पीएसआय दाबासाठी बनवलेल्या असतात. नट सुटेना म्हणून कॉम्प्रेसरचा दाब वाढवत नेला तर ठोका गोटीच्या आणि गनच्या मर्यादेबाहेर जातो. पाच-सात सेकंदांत नट हलला नाही तर थांबावे, तेल सोडावे, किंवा मोठी गन आणावी. चाक बसवताना नट आधी हाताने आट्यांत घालावा, गनने फक्त टेकवावा आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने द्यावा. लहान मोटारगाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर पुरतात. २२ मिलिमीटर स्टडच्या ट्रकला ६०० च्या आसपास लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गनने करकचून आवळलेला नट पुढच्या खेपेला गोटी आणि स्टड दोघांचाही जीव घेतो.

काळ्या थरामुळे गंजापासून फारसे संरक्षण मिळत नाही. पावसाळ्यात गोट्या दिवसाअखेर पुसून तेलाचा हात फिरवून ठेवाव्यात. आठवड्यातून एकदा डिझेलने धुऊन उजेडात पाहाव्यात. तोंड घंटेसारखे उमलले असेल, आतले कोन गोल झाले असतील, चौकोन गनवर सैल फिरत असेल किंवा कुठे केसाएवढी तड दिसली तर ती गोटी बाद समजावी. तड वेल्डिंगने बुजवणे घातक आहे. त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते, जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि गोटी पुढच्या वेळी तिथेच फुटते. ग्राइंडरने भिंत पातळ करून ती अडचणीत घालणेही तसेच वाईट. बाद गोटी ड्रॉवरमध्ये परत गेली तर घाईच्या वेळी नेमकी तीच हाती लागते. म्हणून भंगारात टाकण्याआधी तिचे तोंड ग्राइंडरने कापून टाकावे.